चौदा नावांची यादी आणि चौथा वाफा

पुढच्या वर्षी परसात नवीन काय लावायचं याची यादी मावशीने वहीच्या शेवटच्या पानावर केली होती. चौदा नावं. टोमॅटोची तीन नवी वाणं, रंगीत ढोबळी मिरची, झुकिनी, मका, लाल भोपळा, लेट्यूस, ब्रोकोली, गाजर, कांदा, मायाळू, वेलीचा घेवडा आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, अ‍ॅस्परागस.

"यातलं काय जमेल ते तू सांग," ती म्हणाली, "पण आधी टोमॅटोचं बघ. माझं वाणच खराब निघालंय गं. तीन वर्षं झाली, दर वर्षी कमी कमीच होत चाललंय."

वाण खराब नव्हतं. ते कळायला एक बादली पाणी पुरलं, पण त्या बादलीने पुढची सगळी निवडच फिरवली.

परस तसं लहान आहे. २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद जागा, त्यात १० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे पाच वाफे, मधून फूटभर वाटा. पश्चिमेला आठ फूट उंचीची भिंत. भिंतीला लागून पहिला वाफा, मग ओळीने दुसरा, तिसरा, चौथा आणि सगळ्यात मोकळ्यावर पाचवा. मावशी गेली सहा वर्षं इथे भाजी करते आणि मन लावून करते. कंपोस्ट घरचं, पाणी वेळेवर, तण दिसलं की उपटलेलं. तिला मेहनतीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच.

फेरपालटही ती करत होती. टोमॅटो, वांगी आणि भेंडी ही तिची मुख्य पिकं तिसऱ्या आणि चौथ्या वाफ्यात आळीपाळीने फिरायची. पहिल्या वर्षी तिसऱ्यात टोमॅटो तर चौथ्यात वांगी, पुढच्या वर्षी तिसऱ्यात भेंडी तर चौथ्यात टोमॅटो, असं. पाचव्यात काकडी आणि झुडपी घेवडा, दुसऱ्यात पालक, भिंतीकडच्या पहिल्यात मिरची. "एका जागी एकच पीक दोनदा येऊ देत नाही मी," हे तिने मला अभिमानाने सांगितलं. तो अभिमान खराच होता, म्हणून पुढचं बोलणं मला जड गेलं.

हंगाम संपत आला होता. टोमॅटोची झाडं पिवळी पडून खुरटली होती. भर दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा थोडी सावरायची. पाणी होतं, तरी. मी चौथ्या वाफ्यातलं एक झाड ओढून न काढता बाजूने खुरप्याने माती सैल करून अलगद उचललं. ओढून काढलं की बारीक मुळं जमिनीतच तुटून राहतात आणि जे बघायचं तेच दिसत नाही. बादलीत मुळं हलवून हलवून धुतली. माती सुटत गेली तशा गाठी दिसायला लागल्या. आधी मोहरीएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या, आणि खोडाजवळच्या जाड मुळावर तर आल्याच्या कुड्यासारखा वेडावाकडा फुगवटा. तंतुमुळं जवळजवळ नव्हतीच.

मावशी म्हणाली, "अगं, गाठी चांगल्या ना? घेवड्याला असतात तशा."

हा घोटाळा अनेकांचा होतो, म्हणून आम्ही लगेच पाचव्या वाफ्यातलं घेवड्याचं झाडही तसंच उचललं आणि दोन्ही मुळं शेजारी ठेवली. घेवड्याच्या मुळावरच्या गाठी मुळाला बाहेरून चिकटलेल्या मण्यांसारख्या असतात. नखाने ढकलली की गाठ सुटून हातात येते, आणि चिरली तर काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं ते घर. टोमॅटोच्या मुळावरची गाठ सुटत नाही, कारण ती मुळावर नसते, मूळच फुगलेलं असतं. नखाने ढकलली तर मूळ तुटतं. ती सूत्रकृमीची गाठ. डोळ्यांना न दिसणारा अळीसारखा जीव मुळात शिरतो, एका जागी बसून खातो, आणि त्याच्याभोवती मुळाच्या पेशी वाढत जातात. त्या मुळाला मग पाणी नीट वर चढवता येत नाही. दुपारी माना का टाकायची झाडं, ते तिथे कळलं.

मावशीने स्वतः नखाने चार-पाच गाठी ढकलून बघितल्या. एकही सुटली नाही. मग तिने तिसऱ्या वाफ्यातली भेंडी उचलली, वांगं उचललं, पाचव्यातली काकडी उचलली. तासाभरात वाटेवर ओल्या मुळांची रांग लागली. चौथ्या वाफ्यातली सगळी झाडं गाठींनी भरलेली. तिसऱ्यातल्या भेंडीवर गाठी होत्या, पण कमी. पाचवा वाफा स्वच्छ.

तिची फेरपालट कुठे फसली हे त्या रांगेतच मांडलेलं होतं. टोमॅटो आणि वांगी एकाच कुळातली, मिरची आणि बटाटाही त्याच. म्हणजे टोमॅटोनंतर वांगं हा बदल कागदावरच होता. भेंडी मात्र वेगळ्या कुळातली, कापसाच्या. कुळ बघून फेरपालट करा असं सांगितलं जातं आणि बऱ्याच रोगांसाठी ते बरोबरही आहे. पण गाठी करणारी सूत्रकृमी कुळ बघत नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, घेवडा, सगळी तिला चालतात, आणि भेंडी तर फारच. तीन वर्षं मावशी एका ताटातून दुसऱ्या ताटात तिला वाढतच होती. पाचवा वाफा वाचला तो नशिबाने आणि, मला वाटतं, तिथे ती वेगळी छोटी कुदळ वापरायची म्हणून. सूत्रकृमी स्वतःहून फार लांब जात नाही. ती जाते अवजाराला लागलेल्या मातीतून, चपलेतून, रोपाच्या मुळातून.

आता प्रश्नच बदलला. कोणता टोमॅटो, हा प्रश्न मागे पडला आणि पाचपैकी दोन वाफ्यांत काय चालेल, हा पुढे आला. माझं यातलं ठाम मत हेच आहे. नवीन झाडाची निवड बियाण्याच्या पाकिटावरच्या चित्रापासून सुरू केली की ती चुकते. सरत्या वर्षाची मुळं आणि सरत्या वर्षाची वही, या दोन गोष्टी समोर घेतल्याशिवाय यादीला हात लावू नये.

वही मावशीकडे होतीच. रोज काय तोडलं, किती तोडलं, एका ओळीत. पाहुणे आले तेव्हाच्या नोंदीही त्यात, आणि रात्रीचं तापमानही. आम्ही ती आठवड्याआठवड्याने लावली तेव्हा दोन गोष्टी वर आल्या. झुडपी घेवडा एकदम यायचा. तीन आठवडे इतका की वाटून वाटून दमायची, आणि मग एकदम शून्य. झुडपी वाणाचा स्वभावच तो आहे. ते ठरावीक उंचीला थांबतं, सगळी फुलं जवळजवळ एकदम धरतं आणि पेरल्यापासून ५० ते ६० दिवसांत तोडणीला येऊन आटोपतं. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. दिवस मोठे आणि गरम होत गेले की पालक तुऱ्यावर जायचा, आणि तिथून पुढे सात आठवडे वहीत पालेभाजीची एकही नोंद नाही. पालक १४ तासांच्या आसपास दिवस गेला की फुलायच्या मागे लागतो, उन्हाने ते आणखी लवकर होतं. पाणी वाढवून, सावली करून मावशीने तीन वर्षं त्याच्याशी झुंज दिली होती.

म्हणजे परसात जागा रिकामी नव्हती, आठवडे रिकामे होते. सात आठवडे पालेभाजी नाही आणि घेवड्याचा पूर येऊन गेल्यावर शेंग नाही. या दोन पोकळ्या भरणारं झाड ते पहिलं उमेदवार. यादीत दोन्ही उत्तरं होती आणि मावशीने ती अगदी तळाशी, विशेष इच्छा नसताना लिहिलेली होती: मायाळू आणि वेलीचा घेवडा.

मायाळूला उष्णता हवीच असते. पालक जिथे हात टेकतो तिथून तिची वाढ सुरू होते. वेल असल्याने जमीन कमी आणि उंची जास्त लागते, आणि थोडी सावली असली तरी चालते, पानं उलट मोठी होतात. भिंतीकडचा पहिला वाफा, जिथे मिरची तीन वर्षं नुसती हिरवी राहून रुसली होती, तो तिच्यासाठीच होता असं म्हणायला हरकत नाही. वेलीचा घेवडा झुडपी घेवड्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा सुरू होतो, पण तोडत राहिलं तर पुढे कितीतरी दिवस देत राहतो.

एक गोष्ट मी आग्रहाने करायला लावली: लावायच्या आधी चव. मायाळूचं पान बुळबुळीत असतं आणि सगळ्यांना ते रुचत नाही. कुठून तरी जुडी मिळवून ती दोनदा शिजवली. मावशीला आवडली. काकांनी पहिल्यांदा ताटाच्या कडेला सारली, दुसऱ्यांदा निम्मी खाल्ली. तेवढ्यावर मावशीने ठरवलं की दोनच वेल पुरेत. चवीविना ठरवलं असतं तर तिने अख्खा वाफा भरला असता.

आता उरलेली यादी. ती वाचून नावं खोडणं हे त्या दुपारचं सगळ्यात अवघड काम होतं, कारण प्रत्येक नावामागे तिची एकेक हौस होती.

ढोबळी मिरचीच्या पाकिटावर ७५ दिवस लिहिलं होतं आणि मावशीने हिशेब केला होता की घेवड्याच्या ६० दिवसांपेक्षा पंधराच दिवस जास्त. हे दोन आकडे एका मापाचे नसतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या पाकिटावरचे दिवस साधारणपणे रोप वाफ्यात लावल्यापासून मोजलेले असतात. घेवडा, भेंडी, काकडी यांचे बी पेरल्यापासून. मिरचीचं रोप तयार व्हायलाच आठ आठवडे जातात. म्हणजे ७५ आणि ५६ मिळून १३१ दिवस, आणि तेही हिरव्या फळापर्यंत. लाल किंवा पिवळा रंग चढायला आणखी दोन-तीन आठवडे. वही बघितली तर ज्या काळात तिथे रात्री २४ अंशांच्या खाली राहतात तो काळ तोवर संपलेला असायचा, आणि रात्री त्याहून गरम झाल्या की ढोबळी मिरचीची फुलं गळतात. शिवाय कुळ टोमॅटोचंच. खोडलं.

कांद्यावर आम्ही बराच वेळ घालवला. कांद्याचा गड्डा दिवसाच्या लांबीवर धरतो. काही वाणं १० ते १२ तासांच्या दिवसाला गड्डा धरायला लागतात, काही १२ ते १४, आणि काहींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. विषुववृत्ताच्या जवळ दिवस कधी फार मोठा होतच नाही, तिथे लांब दिवसाचं वाण लावलं तर नुसती पात वाढत राहते. उलट लांब उन्हाळी दिवसांच्या प्रदेशात आखूड दिवसाचं वाण उशिरा लावलं तर रोप लहान असतानाच गड्डा धरायला घेतं आणि कांदा गोटीएवढा राहतो. कांद्याचं एकेक पान म्हणजे आतला एकेक पापुद्रा, पानं कमी असताना गड्डा धरला की कांदा लहानच राहणार. मावशीला एका ओळखीच्या बाईंनी दिलेल्या पुडीवर वाणाचा हा गुण लिहिलेलाच नव्हता. अशी पुडी घेऊन चार महिने जागा अडवायची नाही, एवढंच ठरलं.

गाजराचा निकाल लोखंडी सळईने लावला. पाचही वाफ्यांत सळई दाबून बघितली, सहा इंचांवर सगळीकडे अडली. खाली घट्ट थर आहे. गाजराला फूटभर भुसभुशीत माती लागते, नाहीतर त्याला फाटे फुटतात. लाल भोपळ्याचा वेल १० ते १५ फूट सहज जातो, पाच वाफ्यांच्या परसात त्याला जागा नाही. ब्रोकोली थंडीचं पीक, ते पुढच्या थंड महिन्यांसाठी बाजूला ठेवलं.

मका सोडायला मावशी तयार नव्हती. कडेने एक ओळ लावते, जागा जात नाही, असं तिचं म्हणणं. पण मक्याचं परागीभवन वाऱ्याने होतं. तुऱ्यातून पडणारे पराग कणसाच्या केसांवर पडले तरच दाणा भरतो आणि एकेक केस एकेका दाण्याकडे गेलेला असतो. एका ओळीत लावलेल्या मक्याचे पराग वाऱ्याने बाजूला उडून जातात आणि कणसं बोळकी निघतात. म्हणून मका चौकोनात लावायचा, निदान चार ओळी. म्हणजे एक पूर्ण वाफा, आणि एका झाडाला एक-दोन कणसं. हे ऐकून तिने स्वतःच रेघ मारली. झुकिनीचं एक झाड तीन फूट घेर घेतं आणि एकाच झाडावर नर आणि मादी फूल एकाच सकाळी उमलेल याची खात्री नसते, म्हणून निदान दोन झाडं हवीत. तीही गेली.

अ‍ॅस्परागसला मी हात लावला नाही. तो तिच्यावर सोडला. एकदा लावला की पंधरा वर्षं आणि त्याहून जास्त जागच्या जागी राहणारं झाड, पहिली दोन-तीन वर्षं तोडणी नाही किंवा नावापुरती. "थांबायला मला काय होतंय," ती म्हणाली. मग वाफ्यांच्या आकृतीकडे बघत बराच वेळ बसली. पूर्ण उन्हाचे वाफे दोनच, त्यातला एक आजारी. शेवटी तिने नाव खोडलं नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं.

राहिला टोमॅटो. तीन वाणांतलं एक ठेंगणं, ठरावीक उंचीला थांबून दोन-तीन आठवड्यांत सगळी फळं एकदम देणारं. घेवड्याच्या पुराचा अनुभव असताना ते नको होतं. उरलेली दोन्ही वाढत राहणारी, आधार लागणारी. त्यातल्या एकाच्या नावापुढे व्ही, एफ, एन अशी अक्षरं होती. ही अक्षरं मावशीला वाणाच्या नावाचाच भाग वाटली होती. व्ही आणि एफ म्हणजे मातीतून येणाऱ्या दोन बुरशीजन्य मर रोगांना तोंड देण्याची ताकद, आणि एन म्हणजे सूत्रकृमीला. आमच्या कामाचं अक्षर ते. मात्र त्याची एक मर्यादा माहीत असायला हवी: मातीचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोतला हा गुण ढिला पडतो. म्हणून त्या झाडांच्या बुडाशी सुक्या पानांचं जाड आच्छादन हवंच हवं.

हे वाण संकरित होतं, म्हणजे त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच झाड मिळणार नाही. मावशी स्वतःचं बी धरणारी, तिला ते खटकलं. मलाही खटकतं. पण मातीत शत्रू बसलेला असताना एक-दोन वर्षं विकतचं बी घ्यावं असं माझं मत पडलं, आणि तिचं जुनं सरळ वाण आम्ही सोडलं नाहीच. तिसऱ्या वाफ्यात सहा रोपांपैकी चार नव्या वाणाची आणि दोन जुन्याची, शेजारी शेजारी, असं ठरलं. नवं वाण एकटंच लावलं की ते चांगलं निघालं की वर्षच चांगलं होतं, हे कधी कळत नाही.

चौथ्या वाफ्यात भाजी नाही, असं मी सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. एक पंचमांश परस. कडक उन्हाच्या दिवसांत माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कडा पुरून सहा आठवडे ताणून ठेवायचं, म्हणजे वरचा थर तापून निघतो. काळं प्लॅस्टिक इतकं तापवत नाही. मग तिथे बुटका झेंडू दाट पेरायचा, वाफा भरून. चार कोपऱ्यांत चार झेंडू लावून सूत्रकृमी हटत नाही. झेंडूची मुळं जिथवर पोचतात तिथवरच त्याचा परिणाम. म्हणून दाट लावायचा, दोन-तीन महिने राहू द्यायचा आणि मग मातीत गाडायचा.

"फुलंच फुलं येतील की मग," असं म्हणून तिने आकृतीत चौथ्या वाफ्यावर झेंडू लिहिला.

उरलेल्या दुसऱ्या वाफ्यासाठी लेट्यूस निवडला, आणि इथे चूक झाली ती माझी. ऊन किती तास पडतं हे आम्ही दोन दिवस दर तासाला बघून मोजलं होतं. पहिल्या वाफ्यात साडेतीन तास, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात साडेसहा, पुढच्या दोन्हींत आठ. फळभाजीला सहा ते आठ तास लागतात, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं, त्या हिशेबाने दुसरा वाफा लेट्यूसला ठीक. पण मोजणी केली तेव्हा सूर्य कललेला होता, भिंतीची सावली लवकर आणि लांब पडायची. पुढे सूर्य वर चढला तशी सावली आखडली आणि त्याच वाफ्यात पावणेसात तास ऊन यायला लागलं. पहिली तोडणी गोड निघाली. महिनाभरात झाडं उंच व्हायला लागली, देठ मोडला की पांढरा चीक आणि पानं कडू. ऊन ज्या महिन्यांत पीक उभं असेल त्याच महिन्यांत मोजायला हवं होतं. मला हे ठाऊक असून घाईत राहून गेलं, आणि मावशीची वीस-बावीस रोपं वाया गेली.

त्याच लेट्यूसच्या बियांनी आधी एकदा आम्हाला चकवलं होतं. जुन्या पुड्या टाकून द्यायच्या आधी दहा-दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उगवण बघितली. घेवड्याच्या दहापैकी नऊ उगवल्या. लेट्यूसची एक. मावशी पुडी टाकायला निघाली होती. कागद फ्रिजच्या वर ठेवला होता, तिथे बऱ्यापैकी गरम असतं, आणि लेट्यूसचं बी गरमीत झोपून राहतं. ३० अंशांच्या आसपास तर बहुतेक उगवतच नाही. दुसऱ्या दहा बिया गार खोलीत, उजेडात, वरून न झाकता ठेवल्या. आठ उगवल्या.

मायाळूने पहिले पाच आठवडे आमचा अंत पाहिला. बी रात्रभर भिजवूनही कोंब यायला दोन आठवडे लागले, आणि मग रोपं चार पानांवर थांबून राहिली. रात्री गरम झाल्या तशी वेलींनी एकदम उचल खाल्ली. पालक ज्या आठवड्यात तुऱ्यावर गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात वहीत मायाळूची पहिली नोंद आहे. सात रिकाम्या आठवड्यांपैकी सहा भरले. वेलीचा घेवडा पाचव्या वाफ्यात तिपाईवर चढवला, आणि त्यावर मावशीला काही सांगावं लागलं नाही. दर दोन दिवसांनी कोवळ्या शेंगा तोडत राहायचं, एकही जून होऊ द्यायची नाही, हे तिच्या हातातच होतं.

हंगामाच्या शेवटी पुन्हा बादली आली. तिसऱ्या वाफ्यातल्या नव्या वाणाच्या चार झाडांपैकी तिघांची मुळं जवळजवळ स्वच्छ निघाली, चौथ्यावर दहा-बारा बारीक गाठी. जुन्या वाणाची दोन्ही झाडं गाठाळलेली. चव मात्र जुन्याचीच सरस, यावर मावशी, काका आणि मी, तिघांचं एकमत झालं. म्हणून पुढच्या वर्षी जुन्याची दोन रोपं मोठ्या कुंडीत, स्वच्छ मातीत जाणार आहेत.

चौथ्या वाफ्याचा झेंडू गाडून झाल्यावर मावशीला तो कधी एकदा मोकळा मिळतो असं झालं होतं. आम्ही त्या वाफ्यात पाच ठिकाणांहून, सहा इंच खोलीवरून माती घेतली, एकत्र केली आणि तीन कुंड्या भरल्या. प्रत्येकीत काकडीचं बी पेरलं. काकडीच्या कोवळ्या मुळांवर सूत्रकृमी चटकन गाठी करते, त्यामुळे महिनाभरात माती स्वतःच सांगते. पाचव्या आठवड्यात मावशीने तिन्ही रोपं अलगद उचलून धुतली. मी तिथे नव्हते, तिने फोन केला.

"दोन स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "तिसरीवर आहेत गं. सात मोजल्या. नखाने ढकलून बघितलं, सुटत नाहीत."

"मग?"

"मग काय. यंदा पुन्हा झेंडू. बी मी धरून ठेवलंच होतं."